आधी विचारा, गहू चालू आहे का?
पॅथॉलॉजी लॅब चालवणाऱ्या डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्यांत पॅथॉलॉजी लॅब चालवणारे सर्व डॉक्टर यांस,

स. न. वि. वि.

मी नाशिकमध्ये एका शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. वैद्यकातलं मला जे काही कळतं ते गेल्या तीन वर्षांत, धाकट्या मुलीच्या फायली सांभाळता सांभाळता कळलेलं आहे. तेव्हा हे पत्र म्हणजे लहान तोंडी मोठा घास, हे मान्य करूनच सुरुवात करते.

पत्र तुमच्या रेटकार्डावरच्या एका ओळीबद्दल आहे. कुणी तिला ‘फूड इनटॉलरन्स पॅनेल’ म्हणतं, कुणी ‘फूड सेन्सिटिव्हिटी प्रोफाइल’. सुई एकदाच टोचायची, पदार्थ शंभर-दोनशे, आणि रिपोर्ट लाल-पिवळ्या-हिरव्या रंगात. नाव काहीही असो, आत बहुतेक वेळा एकच गोष्ट असते: त्या त्या पदार्थाविरुद्ध रक्तात आयजीजी प्रतिपिंडं (बाहेरून आलेल्या गोष्टी ओळखायला शरीर बनवतं त्या प्रथिनांचा एक प्रकार) किती, याची मोजणी.

आमच्या घरात ती ओळ कशी शिरली ते सांगते. धाकटी तेव्हा तेरा वर्षांची होती, वजन २९ किलो. पोट फुगलेलं, हातपाय काडीसारखे, दुपारी शाळेतून आली की दप्तरासकट सोफ्यावर आडवी. खाल्लेलं अंगी लागत नाही, हे वाक्य सासूबाई दिवसातून दोनदा म्हणायच्या. हिमोग्लोबिन ७.८ निघालं. जंताचं औषध झालं, लोहाच्या गोळ्या झाल्या, खजूर झाले, अळिवाची खीर झाली. तीन महिन्यांनी ८.१. गोळ्या घेऊनही लोह चढत नसेल तर ते आतड्यातून आत शिरतंय का, हा साधा प्रश्न कुणी विचारला नाही. मीही नाही. नळ सुरू असूनही न भरणाऱ्या टाकीची गणितं मी वर्षानुवर्षं फळ्यावर सोडवत आले, तरी नाही.

त्याच सुमारास एका लॅबने आमच्या शाळेत आरोग्य शिबिर घेतलं. शिक्षकांना सवलत होती. साडेअकरा हजारांचं पॅनेल नऊ हजारांत. आठ दिवसांनी २२ पानांची गुळगुळीत पुस्तिका आली. १४ पदार्थ लाल: गहू, गाईचं दूध, शेंगदाणा, तूरडाळ, लसूण, अंड्याचा पांढरा, तीळ आणि असेच बाकीचे. मग फोनवरून एका आहारतज्ज्ञ मुलीने समजावलं, लाल सगळं सहा महिने बंद, तोवर शरीर शांत होतं, नंतर एकेक करत सगळं सुरू करता येईल. गहूसुद्धा? हो, गहूसुद्धा.

आम्ही बंद केलं. पोळी गेली, आमटी गेली, कोशिंबिरीतलं दाण्याचं कूट गेलं. पाच-सहा आठवड्यांत पोट उतरलं, चेहऱ्यावर जरा रंग आला. मी इतकी हरखले की स्टाफरूममध्ये पाचजणींना ते पॅनेल सुचवलं आणि दोघींनी केलंही. त्या दोघींची माफी मी नंतर समोर बसून मागितली.

आता तुम्ही म्हणाल, मग बाई, तक्रार कशाची? पॅनेलने गहू पकडला, मुलगी सुधारली. बरेच दिवस मलाही तसंच वाटत होतं.

माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर आयजीजी म्हणजे हजेरीपट. जो पदार्थ पोटात वरचेवर येतो, त्याच्या नावापुढे शरीर खूण करत जातं. त्यातला आयजीजी ४ हा प्रकार तर शरीराने तो पदार्थ पत्करल्याचीच निशाणी मानला जातो. पॅनेल काय करतं, तर हजेरीपट उघडतं, सगळ्यात जास्त हजेऱ्या कुणाच्या ते बघतं आणि त्याच पोरांना वर्गाबाहेर उभं करतं. आमच्याकडे रोज पोळी, रोज आमटी, रोज कूट, रोज लसणाची फोडणी. म्हणून लाल कोण? गहू, तूर, शेंगदाणा, लसूण. आणि हिरवे कोण? क्रॅनबेरी, अ‍ॅव्होकॅडो, सामन मासा. तिने जन्मात तोंडात न घातलेले ३८ पदार्थ हिरवे होते. मी मोजले, मोजण्याची खोड आहे मला.

हे काही माझं डोकं नाही. अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या युरोपीय अकादमीने २००८ मध्येच लिहून ठेवलंय की अन्नाविरुद्धचं आयजीजी ४ हे त्या अन्नाच्या संपर्काची खूण आहे, त्रासाची नाही, आणि निदानासाठी ही तपासणी करू नये. अमेरिकेतल्या अकादमीने त्याला दुजोरा दिला. कॅनडाच्या संस्थेने २०१२ मध्ये तेच स्वतंत्रपणे सांगितलं. तुम्ही एमडी आहात. प्रतिपिंडांचे प्रकार तुम्ही दुसऱ्या वर्षाला शिकलात. मला जे एका मे महिन्यात वाचून समजलं ते तुम्हाला ठाऊक नसेल, असं मी धरून चालत नाही. म्हणून जास्त लागतं.

लॅबला एनएबीएलचं, म्हणजे लॅब तपासून मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं, मानांकन असलं तर एवढं कळतं की जे मोजलं ते नीट मोजलं. ते मोजायची गरज होती का, हा त्या मानांकनाचा विषयच नाही. आकडेमोड बिनचूक आणि उदाहरणच चुकीचं उतरवलेलं, असे पेपर मी दरवर्षी तपासते. गुण देता येत नाहीत.

तर गहू लाल निघाला, कारण तो रोज हजर होता. खरा गुन्हेगारही तोच निघाला हा योगायोग. त्याच्यासोबत तेराजण उगाच आत गेले. आणि खरा घोटाळा पुढे झाला.

‘सेन्सिटिव्हिटी’ म्हटलं की माणूस मनात ‘जरा जपून’ असं भाषांतर करतो. आम्हीही केलं. गणपतीत तळलेले मोदक खाल्ले, कणकेचे. दिवाळीत दोन शंकरपाळे, एक करंजी. डबा तेवढा ज्वारीचा. पाचव्या महिन्यात हिमोग्लोबिन पुन्हा घसरलं तेव्हा कुणीतरी मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांचं नाव दिलं. त्यांनी फाइल उघडली, रंगीत पुस्तिका न वाचता बाजूला ठेवली आणि विचारलं, “टीटीजी कधी केली?” ही सिलिअ‍ॅक नावाच्या रोगासाठीची रक्ताची तपासणी. केलीच नव्हती. केली. तुमच्यापैकीच एकांकडे, त्याच लॅबमध्ये, चौदाशे रुपयांत. रेटकार्डावर ती त्या पॅनेलच्या खाली सातव्या ओळीवर होती.

आकडा आला सीमारेषेवर. ना धड इकडे, ना धड तिकडे. डॉक्टरांनी विचारलं, “गहू किती दिवस बंद आहे?” मी अभिमानाने सांगितलं, पाच महिने. ते खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, “फळा पुसून झाल्यावर विचारताय, काय लिहिलं होतं.”

तुम्हाला सांगायला नको, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून लिहिते. सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हातलं, जवातलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीर आपल्याच लहान आतड्यावर उलटतं. टीटीजी-आयजीए हे त्या उलटण्याचं मोजमाप, आयजीए हा प्रतिपिंडांचा आणखी एक प्रकार. ग्लुटेन बंद केलं की हल्ला ओसरतो, आकडा उतरतो, आतडं भरून यायला लागतं. म्हणजे तपासणीच्या आधी गहू सोडला तर रोग असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. जनुकांची तपासणी करता येते, डीक्यू २ आणि डीक्यू ८ ची. पण ती दोन्ही नसली तर सिलिअ‍ॅक जवळजवळ नाहीच एवढंच ती सांगते. असली तर काहीच कळत नाही, ती लाखो निरोगी माणसांतही असतात. धाकटीला डीक्यू २ होतं.

उरला एकच रस्ता. सहा आठवडे पुन्हा गहू, रोज दोन पोळ्या.

पहिल्या रात्री तिने पोळीचा तुकडा मोडला आणि माझ्याकडे पाहिलं. पाच महिने जी पोळी तिच्या ताटात चुकून आली तरी मी झडप घालून उचलत होते, तीच आता समोर बसून खाऊ घालत होते. तिसऱ्या दिवशी पोट दुखायला लागलं. दुसऱ्या आठवड्यात तोंडात फोड आले. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दोन रेघा मारायला सुरुवात केली. सकाळची पोळी उभी रेघ, रात्रीची आडवी. सहा आठवड्यांत ८४ रेघा. सासूबाई म्हणाल्या, “चौऱ्याऐंशीचा फेरा संपवला पोरीने.” त्या हसल्या नाहीत, आम्हीही नाही.

मग टीटीजी कमाल मर्यादेच्या कितीतरी पट आली. दुर्बीण घालून आतड्याच्या सुरुवातीचे बारीक तुकडे घेतले. तिथे मखमलीसारखी लव असते, त्याच लवेतून अन्न रक्तात शिरतं. आमच्या तुकड्यांत ती सपाट झाली होती. डॉक्टरांनी समजावताना टेबलावरच्या नॅपकिनवर हात फिरवला आणि मग टेबलाच्या काचेवर. लोहाच्या गोळ्या का चढत नव्हत्या ते मला त्या काचेवर कळलं.

साधी गणना करा. पॅनेलऐवजी चौदाशेची तपासणी आधी झाली असती तर पाच महिने, त्या ८४ पोळ्या आणि नऊ हजार वाचले असते. आणि पॅनेलवाल्या मुलीचं ऐकून सहा महिन्यांनी आम्ही गहू ‘हळूहळू सुरू’ केला असता तर? सिलिअ‍ॅकमध्ये गहू जन्मभर बंद असतो. ‘शांत होतं’ वगैरे काही नसतं.

हे दुर्मीळ आहे म्हणून सोडून देण्यासारखंही नाही. दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी राजधानीच्या परिसरात घरोघरी जाऊन पाहणी केली, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले: ९६ माणसांमागे एक. दक्षिणेकडे, भात खाणाऱ्या मुलखात, प्रमाण बरंच कमी आहे. आपण मधले, आणि पोळी आता कोकणातही रोजची झाली आहे.

सगळेच त्रास सिलिअ‍ॅक नसतात, हेही मला कळतं. माझ्या सासूबाईंना पेलाभर दूध प्यायलं की पोटात गुरगुरतं, ताक मात्र वाटीवर वाटी चालतं. यात गूढ काही नाही. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज लहानपणानंतर पुष्कळांमध्ये कमी होतं, आणि विरजणातल्या जंतूंनी त्या साखरेचा काही भाग आधीच संपवलेला असतो. खात्री करायची तर श्वासातला हायड्रोजन मोजायची तपासणी आहे. नाहीतर दोन आठवडे दूध सोडून पुन्हा घेऊन बघायचं. पण तुमच्या पॅनेलवर ‘गाईचं दूध: लाल’ येतं ते दुधातल्या प्रथिनांविरुद्धच्या प्रतिपिंडांमुळे. लॅक्टोज ही साखर. तिचा या मोजणीशी काडीचा संबंध नाही. तरी काउंटरवर सर्रास सांगतात, ‘लॅक्टोज इनटॉलरन्स आलंय तुम्हाला.’

माझा दीर रत्नागिरीचा जावई. कोळंबी खाल्ली की दहा मिनिटांत त्याचे ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात. ही खरी अ‍ॅलर्जी, आयजीई नावाच्या वेगळ्याच प्रतिपिंडांची. तिथे त्वचेवर टोचून करायची चाचणी किंवा रक्तातली आयजीई उपयोगाची, कारण आधी हकीकत आहे आणि मग तपासणी. हकीकत नसताना आयजीईचं पॅनेलही फसवतं. बंगळुरू-म्हैसूर भागात प्रौढांवर झालेल्या अभ्यासात २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडली. खरोखरची अ‍ॅलर्जी असण्याचा संभव होता १.२ टक्क्यांना. घरातल्या धुळीत राहणाऱ्या बारीक किड्यांची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाची कोळंबीची तपासणीही पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण दोघांत एक प्रथिन जवळपास सारखं असतं. माणूस आयुष्यभर कोळंबीचं कालवण ओरपत आलेला असला तरी. त्याला कोळंबी सोडायला लावणं हे पाप आहे, असं दीर म्हणतो, आणि त्याच्या तोंडून ते ऐकण्यासारखं असतं.

मग उरतात ते कांदा, लसूण, गहू, डाळी खाल्ल्या की पोट डब्ब होणारे. यातल्या पुष्कळांना ग्लुटेन नव्हे, तर आतड्यात आंबणाऱ्या फ्रुक्टानसारख्या शर्करा त्रास देतात. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने त्यावरून एक आहारपद्धत बसवली: काही आठवडे सोडा, मग एकेक परत आणा, जो नडतो तेवढाच ठेवा बाहेर. रक्ताची तपासणी लागत नाही. मला ते वाचताना आमच्याकडचा चातुर्मास आठवला. कांदेनवमीला शेवटची भजी, मग कांदा-लसूण बंद, आणि पुन्हा कधी धरायचा तेही ठरलेलं. काही घरांत चंपाषष्ठीच्या भरतापासून. सोडण्याला मुदत आणि धरण्याला तिथी. तुमच्या २२ पानांत सोडण्याच्या १४ ओळी होत्या, धरण्याची एक नव्हती. ते काम फोनवरच्या त्या मुलीवर सोपवलं होतं, आणि तिने नेमकं गव्हाबद्दलच चुकीचं सांगितलं.

सिलिअ‍ॅकचा गव्हाशी संबंध कळला तोही असाच. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ डॉ. विलेम डिके यांना युद्धाआधीपासून गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात तिथे पाव मिळेनासा झाला, सिलिअ‍ॅक असलेली मुलं सुधारली. पाव परत आला, मुलं पुन्हा आजारी पडली. सोडल्यावर सुधारणं हा अर्धाच पुरावा. बाकीचा अर्धा धरल्यावर मिळतो, आणि तो मिळवायला किती त्रास होतो हे मी माझ्या स्वयंपाकघरात बघितलं आहे.

माझं मागणं फार मोठं नाही. ते पॅनेल रेटकार्डावरून काढाल तर उत्तम. मला ठाऊक आहे, नफा त्यातच आहे, आणि तुम्ही नाही केलं तर शेजारचा करतो. पण ठेवणारच असाल तर निदान शिबिरात विकू नका, मुलांसाठी तर नाहीच. रिपोर्टच्या पहिल्या पानावर, शेवटच्या पानावरच्या मुंगीएवढ्या अक्षरांत नव्हे, लिहा की आयजीजी असणं म्हणजे पदार्थ सोसत नाही असं नव्हे. टीटीजी कराल तेव्हा एकूण आयजीएही सोबत करा, कारण काहींच्या शरीरात आयजीएच कमी असते आणि त्यांचा निकाल खोटा चांगला येतो; आमच्या पहिल्या वेळी ते केलंच नव्हतं. आणि हिमोग्लोबिन गोळ्यांनी चढत नसलेलं, वाढ खुंटलेलं पोर घेऊन एखादी आई काउंटरवर आली आणि तिने रंगीत पुस्तिका मागितली, तर रक्त घेणाऱ्या मुलाला एवढंच विचारायला शिकवा: गहू चालू आहे ना? मग बंद करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

आमचं आता बरं चाललंय. हिमोग्लोबिन १२.१, उंची दीड वर्षात नऊ सेंटिमीटर वाढली. गिरणीत ज्वारी टाकायला गेलं की आधीच्या दळणाचा गहू चक्कीत अडकलेला असायचाच, म्हणून घरघंटी घेतली. हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचायला शिकले. बांधणी हिंगात पुष्कळदा मैदा असतो, हे मला चाळिशीत कळावं याची लाज वाटते. एकादशी धाकटीचा आवडता दिवस झाला आहे, कारण त्या दिवशी साबुदाणा, वरई, राजगिरा, आणि घरातलं सगळं तिच्यासारखंच जेवतं. शेंगदाणा, तूर, लसूण, दूध सगळं परत आलं, काहीही झालं नाही. पहिल्या दिवशी तिने दाण्याची चटणी भाकरीबरोबर खाल्ली आणि मग नुसती, बोटाने, वाटी चाटूनपुसून.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक गणिताची शिक्षिका
नाशिक

ता. क. : या पत्राची एक प्रत त्या लॅबच्या काउंटरवर स्वतः देऊन आले. तिथल्या मुलीने शिक्का मारून पोच दिली आणि सवयीने विचारलं, “मॅडम, रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू का?”